कोणती पात कोणाची

रंगांच्या दुकानदाराला चित्रातलं काही कळत नाही, असा चित्रकारांचा ठाम समज असतो. मी तो कधी मोडायला गेलो नाही. समज मोडला की गिऱ्हाईक जपून बोलायला लागतं, आणि ते जपून बोलायला लागलं की दुकानात बसण्यातली निम्मी मजा जाते. त्यामुळे अख्खं आयुष्य मी गल्ल्यावर चेहरा मख्ख आणि कान टवकारलेले ठेवून काढलं. आता गल्ल्यावर सून बसते आणि मी बाजूच्या स्टुलावर. कान मात्र अजून माझेच चालतात.

आमचं दुकान नागपुरात रामदासपेठेत, दवाखान्यांच्या रांगेत आहे. एका बाजूला औषधांचं दुकान, दुसऱ्या बाजूला रक्त तपासायची लॅब आणि मधे आम्ही. डॉक्टरची चिठ्ठी घेऊन चुकून आमच्याकडे शिरणारे रोज कोणी ना कोणी असतातच. एका आजोबांनी चिठ्ठी माझ्या हातात दिली, खुर्चीत नीट बसले आणि म्हणाले, "जेवणाच्या आधी घ्यायची का नंतर, तेवढं सांगून ठेव गा." मी म्हटलं, "आजोबा, इथलं औषध सुरू केलं का माणूस जेवणच विसरते." ते घाबरून उठलेच.

बाहेरच्या माणसाला वाटतं, रंग म्हणजे रंग. तसं नसतं. एकट्या तपकिरीचेच आमच्याकडे किती भाऊबंद आहेत. एक लालसर, एक हिरवट, एक कच्चा, एक भाजलेला. हे कच्चं-भाजलेलं मी गमतीनं म्हणत नाही. ती मुळात मातीच असते, एक तशीच दळलेली आणि एक भट्टीत भाजून दळलेली. ब्रशांचंही तसंच. डुकराच्या केसांचा राठ ब्रश दाट रंग ढकलतो, खारीच्या केसांचा मऊ ब्रश पाणी धरून ठेवतो. माणूस पाहून ब्रश द्यावा लागतो. चुकीचा दिला तर त्याचा आठवडा वाया जातो आणि उद्धार आपला होतो.

आणि माणसं तरी कशी! एक दातांचे डॉक्टर फक्त पांढरा रंग नेतात. चाळीस-पंचेचाळीस डिग्रीच्या नागपुरी उन्हात बसून ते बर्फाचे डोंगर काढतात आणि म्हणतात, त्यानं घर थंड राहतं. एक बाई सोफ्याची उशी घेऊन येतात आणि उशीला जुळणारं आभाळ मागतात. एका रिटायर फौजदारांचा तर नियमच होता. ते विचारायचे, "हा रंग आधी कोणी नेला आहे का?" आपली प्रेरणा आपल्याच डोक्यातून आली पाहिजे, उसनी नको, असा त्यांचा बाणा. मी शोधून शोधून एक जांभळा दिला, जो वर्षभर कोणी हुंगला नव्हता. आठवड्यानं लालबुंद होऊन परत आले. तोच जांभळा त्यांना एका ऑटोरिक्षाच्या मागच्या फळीवर, मोराच्या गळ्याला दिसला होता.

त्यांची मी टिंगल करतो खरी, पण माझ्या दुकानात उभं राहून लोक आयुष्यभर भांडले ते ह्याच गोष्टीवरून. चित्र येतं कुठून? माणसाच्या आतून येतं की बाहेर वारं सुटलेलं असतं म्हणून येतं? माझ्या फळीला विचारलंत तर वाऱ्याची बाजू भक्कम. कुठलीही चळवळ आली की आधी माझ्या फळीवर खड्डा पडतो. एक साल सगळ्यांनी काळा नेला, एक साल कोणी ब्रशला हात लावेना, सगळ्यांना रंग लिंपायचे चाकू हवे होते. मग गेरू आणि पांढऱ्याची लाट आली, गावातल्या प्रत्येक हॉटेलच्या भिंतीवर काटकुळी माणसं फेर धरून नाचायला लागली. आणि ह्यातला प्रत्येक जण मला वेगवेगळा येऊन, आवाज खाली आणून सांगायचा, "धोटेभाऊ, एक नवीनच सुचलं आहे."

त्यात आमच्या गल्ल्यावरचा कागद. रंगांच्या दुकानात ही पद्धतच असते. एक मोठा कागद गल्ल्यावर पिनांनी ठोकून ठेवायचा आणि गिऱ्हाइकानं ब्रश नेण्याआधी त्यावर दोन फटकारे मारून पाहायचे. भरला की नवा ठोकायचा. आता गंमत बघा. सकाळी कोणी एक वळसा मारून गेला की दुपारी आलेला त्याकडे न पाहिल्यासारखं करून पाहतो, आणि ब्रश तपासायच्या निमित्तानं तसाच एक मारून बघतो. संध्याकाळपर्यंत त्या वळशाला पोरंबाळं झालेली असतात. पुढच्या महिन्यात तेच प्रदर्शनात लटकतं. हे इतकी वर्षं पाहून माझं ठाम मत झालं होतं, की स्वयंभू कोणी नाही, सगळे एकमेकांचं चाटून मोठे झालेले. ह्या मतावर मी फार खूष होतो. वंदना मेश्राम नसती तर तेच मत घेऊन वर गेलो असतो.

पण वंदनाच्या आधी ठवकर सरांबद्दल सांगायला हवं. ठवकर सर चित्रकला शिकवायचे. उंच, आवाज खणखणीत, आणि बोलायला लागले की शेजारच्या लॅबमधले उपाशीपोटी आलेले पेशंटसुद्धा ऐकत बसायचे. माझ्याच दुकानात, ह्याच गल्ल्याला टेकून त्यांनी एकदा जाहीर केलं, "बंद करा हा विलायती निळा! आपल्या इकडचं आभाळ आठ महिने मातीच्याच रंगाचं असते. आपण मातीच काढायची." त्या दिवसापासून त्यांचा गट जमला. मी त्यांना मातीवाले म्हणायचो. निळ्याच्या ट्यूबा फळीवर वाळून गेल्या आणि तपकिरी पुरेना. पेपरात त्यांच्यावर लिहून यायचं, बाहेरगावचे लोक चित्रं पाहायला यायचे. नागपूरचं स्वतःचं असं काहीतरी उभं राहतंय, असं वाटून मलाही भलतंच स्फुरण चढायचं. मी ट्यूबा विकतोय हे विसरून, चळवळीचा खजिनदार असल्यासारखा वागायचो.

मातीवाल्यांची खूण म्हणजे एक टोचा. चपटा ब्रश कागदावर टेकवायचा, किंचित पिळायचा आणि खाली ओढून उचलायचा. वर जाड डोकं, खाली बारीक शेपूट. असे शेकडो टोचे ओळीनं मारायचे, ओळींचे उभे पट्टे करायचे आणि पट्ट्यापट्ट्यांनी कॅनव्हास भरायचा. सरांनी तो टोचा माझ्या कागदावर कितीदा तरी मारून दाखवला असेल. पुढे त्यांच्या विद्यार्थ्यांनी उचलला, मग विद्यार्थ्यांच्या विद्यार्थ्यांनी. पेपरवाले त्याला सरांचाच टोचा म्हणायला लागले.

वंदना त्या गटातली. कुहीकडच्या एका खेड्यातली पोर, एसटीनं यायची, बोलायची अगदी कमी. आता तिचेही केस पिकले. जरीपटक्याच्या एका शाळेत ड्रॉइंग शिकवते, स्कूटीवर येते, अजूनही कमीच बोलते. तिची एक सवय मला कायम खटकायची. ती गल्ल्यावरच्या कागदाला कधी शिवली नाही. कोरडा ब्रश डाव्या तळहातावर टेकवायची, डोळे मिटायची, आणि "हा द्या" म्हणायची. सगळे माझ्या कागदावर उघडे पडायचे आणि ही एकटी बंद मुठीची. पुढे ती गटातून हळूच बाजूला झाली. भांडण नाही, तंटा नाही. घरी काढत राहिली. तिची चित्रं पाहिली की माझ्या छातीत काहीतरी हलायचं. टोचा तोच, माती तीच, पण सरांचं चित्र पाहून मी वाहवा म्हणायचो आणि हिचं पाहून गप्प बसायचो. का, ते मला सांगता येत नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात मुंबईच्या एका गॅलरीतून इरा नावाची मुलगी आली. चित्रं निवडून प्रदर्शन ठरवायचं हे तिचं काम. पोरगी चुणचुणीत आणि सरळ. तिनं मला सांगितलं, "काका, आमच्याकडे एकच हॉल आहे. वंदनाताईंचं एकटीचं प्रदर्शन करायचं जवळपास ठरलं होतं. पण सगळे म्हणतात, ही शैली ठवकर सरांच्या गटाची आहे, त्या त्यांच्या मागून आलेल्या. तसं असेल तर मला गटाचं प्रदर्शन करावं लागेल, सरांचं नाव वर घालून. तुम्ही तर सगळ्यांना पाहिलंय. हा टोचा आधी कोणाचा?"

मी ताडकन उभाच राहिलो. वंदनाचं एकटीचं प्रदर्शन, मुंबईत! शाळेच्या तासांमधून, घरच्या स्वयंपाकातून चोरलेल्या वेळात काढलेली ती चित्रं! मला ओरडून सांगायचं होतं की तिचाच, तिचाच. पण इरानं पुढचा प्रश्न विचारला, "तुम्ही वंदनाताईंना टोचा मारताना पाहिलंय?" पाहिलं होतं कुठे? इतक्या वर्षांत वंदनानं माझ्यासमोर एक फटकारा मारला नव्हता. सरांचे टोचे मात्र मी ढिगानं पाहिले होते. खोटं बोलायला जीभ रेटेना आणि खरं बोलल्यावर इराचा चेहरा पडलेला दिसला. मीच वंदनाचा हॉल घालवला असं वाटून मला इतका राग आला, की त्या दिवशी मी दातांच्या डॉक्टरांनाही नीट बोललो नाही.

संध्याकाळी वंदनाला फोन लावला. "उद्या शनिवार आहे. सकाळची शाळा सुटली का सरळ इकडं ये. काहून म्हणून विचारू नको." इरालाही थांबवून घेतलं. तिनं आपणहून ठवकर सरांना बोलावलं, कारण तिला दोघांचं समोरासमोर ऐकायचं होतं. सर आले ते चार-पाच विद्यार्थी घेऊनच.

इरानं आडपडदा न ठेवता विचारलं. सर म्हणाले, "यात काय विचारायचं? वंदना, मी तुले गटात घेतलं तेव्हा तू फुलदाण्या काढत होती वं. काढत होती का नाही?"

"हाव सर, फुलदाण्याच काढत होती," वंदना म्हणाली. "माती काढा, हे तुम्हीच सांगितलं. ते मी नाकारून नाही राहिली. पण टोचा माझा आहे. तुमच्या घरी बैठकीत पहिलं चित्र घेऊन आली होती, त्यात होता."

"मले नाही आठवत. आणि चळवळीत असं तुझं-माझं नसते. टोचा गटाचा आहे."

"मग पेपरात तुमचं एकट्याचं नाव कसं येते, सर?"

वंदना एवढं बोलू शकते हेच कोणाला माहीत नव्हतं. सरांचा चेहरा उतरला, पण ते मागे हटणाऱ्यातले नाहीत. त्यांनी ब्रश उचलला, रंगात बुडवला आणि गल्ल्यावरच्या कागदावर टोच्यांची ओळ मारली. काय हात! एकसारखे, स्वच्छ, मोजून लावल्यासारखे, ओळीतला शेवटचा तेवढा ठासून. विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या. सर वाईट माणूस नव्हते हो. त्यांना मनापासून वाटत होतं की तो त्यांचाच आहे, आणि इतकी वर्षं मारून मारून तो त्यांचा झालाही होता. इरानं वंदनाकडे पाहिलं.

"धोटेभाऊ, कागदाचा रोल आहे का? सर्वांत रुंद?" वंदना म्हणाली.

"आहे ना!"

"मग पसरा. इथं गल्ल्यावर नाही जमत. खाली पाह्यजे."

मी आतून रोल काढून आणला. दुकानाच्या आतून सुरू करून दारातून बाहेर, पायरीवरून खाली, फुटपाथ ओलांडून गल्लीत, असा आम्ही तो अंथरला. विद्यार्थ्यांनी आपल्या गाड्या हलवल्या आणि कडांवर रंगाचे डबे ठेवले. वंदनानं चपला काढल्या, ओढणी कमरेला खोचली. प्लास्टिकच्या मगात भाजलेली माती कालवली आणि दुकानाच्या आतल्या टोकाला, गल्लीकडे पाठ करून उभी राहिली.

"सर, रोवणी पाहिली का कधी? धानाची?"

"पाहिली ना. गाडीतून," सर म्हणाले.

ती कमरेत वाकली. ज्यांनी धानाची शेती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या भागात धानाच्या चिखल केलेल्या शेताला बांधी म्हणतात. त्यात बाया एका ओळीत वाकून रोपं लावतात आणि लावत लावत मागे सरकतात, कारण पुढे गेलं तर लावलेलं तुडवलं जाईल. वंदना तशीच वाकली. डावीकडून उजवीकडे चार टोचे, टेकव, पीळ, ओढ, उचल, आणि एक पाऊल मागे. पुन्हा चार, पुन्हा पाऊल मागे. तिचं सगळं अंग त्या टोच्यात होतं. सरांचा टोचा मनगटातून यायचा, हिचा टाचेतून येत होता.

ती दारापाशी आली. मागे पायरी! मी ओरडलो, "वंदना, पायरी!" ती थांबली नाही. तिच्या टाचेनं पायरीची कड चाचपली, पाऊल अलगद खाली उतरलं आणि हात चालतच राहिला. मान खालीच ठेवून ती म्हणाली, "मागं पाहिलं का ओळ मोडते, भाऊ."

एव्हाना लॅबमधले पेशंट, औषधवाला, चहावाला, सगळे बाहेर आले होते. सर फुटपाथवर हाताची घडी घालून उभे होते. मी त्यांच्याकडे पाहत होतो. आधी चेहरा दगडी. मग भुवया वर गेल्या. मग घडी सुटली. "असं होय," ते स्वतःशीच पुटपुटले. त्यांनी ते चित्र त्या बैठकीत भिंतीला टेकवलेलं पाहिलं असणार, उभं. ते जमिनीवर, मागे सरकत काढलंय हे त्यांना कधी दिसलंच नव्हतं. आणि त्यांच्यामागे सगळ्यांनीच ते उभ्यानं उचललं होतं.

वंदना गल्लीत उतरली तेवढ्यात एक ऑटो वळून आला. भोंगा जोरात. मी धावणार, त्याआधी ठवकर सर धावले! सत्तरी ओलांडलेला माणूस दोन्ही हात पसरून ऑटोच्या समोर उभा.

"थांब गा! थांब! काम चालू आहे इकडं!"

"कायचं काम, काका? खोदून राहिले का रोड?"

"रोवणी!" सर त्यांच्या खणखणीत आवाजात ओरडले. "रोवणी चालू आहे!"

ऑटोवाल्यानं भोंगा बंद केला, उतरला आणि पाहत उभा राहिला. त्याच्यामागे स्कूटर, स्कूटरमागे कोणाची तरी मोठी गाडी. सर हात पसरून उभेच. त्यांच्या पाठीमागे वंदना रोलच्या टोकापर्यंत पोचली, कंबर सरळ केली आणि म्हणाली, "ही माझ्या मायची पात."

पात म्हणजे ओळीतल्या प्रत्येक बाईच्या वाट्याला आलेला शेताचा पट्टा. वंदना चालत पुन्हा आतल्या टोकाला गेली आणि पहिल्या पट्ट्याला लागून दुसरा सुरू केला. ह्यावेळी ब्रश डाव्या हातात. शेपटं उलट्या बाजूला वळायला लागली. "ही शेवंताबाईची. डावखुरी होती." तिसऱ्या पट्ट्यात मधे मधे ओळ विसावत होती, किंचित रिकामी जागा, मग पुन्हा घट्ट. "ही मथुराबुढीची. कंबर दुखे, म्हणून थांबे." चौथा पट्टा घाईचा, उताविळा, टोचे एकमेकांच्या अंगावर. "ही माझी. मले बांधीतून लवकर निघायचं राहे."

इतकी वर्षं तिच्या चित्रांत जे पट्टे पाहिले ते सगळे वेगवेगळ्या बायांचे हात होते! आणि मी त्याला नक्षी समजत होतो. इरानं भराभर मोबाइलवर तिच्या चित्रांचे फोटो उघडले आणि पायाशी पसरलेल्या कागदाशी ताडून पाहायला लागली. "ही डावखुरी इथे आहे... आणि इथेही... ही थांबणारी, ही बघा काका!" ती नाचायचीच बाकी होती. मग तिनं सरांच्या गटाच्या चित्रांचे फोटो उघडले. तिथे पट्टे होते, पण सगळे एकाच माणसाचे.

पण पोरगी हुशार. तिनं लगेच वंदनाला अडवलं. "ताई, मग हे तुमचं एकटीचं कसं? ह्या तर त्या सगळ्यांच्या पाती आहेत."

वंदनानं ओढणीला हात पुसले. "रोवणी सगळ्यायची असते. सगळ्याजणी एका तालात वाकते, एका तालात मागं सरकते. कोणाची पुढं नाही, कोणाची मागं नाही. पण संध्याकाळी बांधीच्या कडेला, धुऱ्यावर उभं राहून पाहिलं का कोणती पात कोणाची ते दिसते. बाकीच्या घरी निघून जायच्या. मीच येडी पाहत उभी राहो. ते पाहणं माझं आहे."

सर अजून गल्लीतच उभे होते. ऑटोवाल्याला हातानं बाजूनं जायची खूण करून ते हळूहळू कागदापाशी आले. चारही पाती त्यांनी निरखून पाहिल्या. मग अगदी लहान आवाजात, मी तो आवाज त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता, ते म्हणाले, "माझी नाही काढली?"

वंदनानं त्यांच्याकडे पाहिलं. पुन्हा रंगाचा मग उचलला, पुन्हा आतल्या टोकाला गेली आणि वाकली. पाचवी पात. सरळ. मोजून मारल्यासारखी. आणि प्रत्येक ओळीतला शेवटचा टोचा जरा जोरात दाबलेला, मास्तरांनी पेपर तपासताना बरोबरची खूण ठासून करावी तसा. विद्यार्थी हसायला लागले, कारण सगळ्यांना ओळखू आली. सर हसले नाहीत. ते गुडघ्यावर बसले आणि त्या शेवटच्या टोच्यावर त्यांनी बोट ठेवलं. बोटाला ओला रंग लागला. डोळे भरून आले होते, आणि ते लपवायची त्यांनी तसदी घेतली नाही.

"पोरी," ते इराला म्हणाले, "एकटीचं करा. वंदना मेश्राम. माझं नाव कुठंच टाकू नका."

"असं कसं सर?" वंदना उसळली. "तुम्ही नसते तर मी आजही फुलदाण्या काढत असती. गटाचं लिहिल्याशिवाय मी चित्रं देणार नाही."

"अवं, आताच तर माझ्याशी भांडून राहिली होती तू!"

"ते टोच्यावरून. हे वेगळं आहे."

मघाशी एकमेकांकडून हिसकावत होते, आता एकमेकांच्या गळ्यात मारत होते. आम्ही सगळे हसत सुटलो. इरानं तिथेच निकाल दिला. प्रदर्शन एकटीचं, पाटीवर नाव एकच. आत भिंतीवरच्या मजकुरात मातीवाले कोण, ठवकर सर कोण आणि वंदनाला माती काढा असं पहिल्यांदा कोणी सांगितलं, ते सगळं. आणि गल्लीतला हा रोल गॅलरीच्या दारातच अंथरायचा. तिनं तिथेच उभं राहून मुंबईला फोन लावला. तिचं ते "हो, एकटीचंच, एकटीचंच!" ऐकून मला इतका आनंद झाला की मी चहावाल्याला ऑटोवाल्यासकट सगळ्या गल्लीचा चहा सांगितला. सून माझ्याकडे पाहत राहिली.

चळवळ मोठी की माणूस, ह्यावर माझं जे पक्कं मत होतं ते त्या दिवशी गेलं आणि त्याच्या जागी दुसरं पक्कं मत काही आलेलं नाही. ह्या वयात मत नसणं ही मोठी मौज आहे, हे मी अनुभवावरून सांगतो. हल्ली कोणी गल्ल्यापाशी भांडायला लागलं की मी स्टूल जवळ ओढतो.

त्या दिवशीचं शेवटचं मात्र सांगायलाच हवं. चहा होईपर्यंत रोलवर अजून एका पातीची जागा उरली होती. ठवकर सरांनी बूट काढले, मोजे काढले, पँट घोट्याच्या वर दुमडली. वंदनाच्या हातातला ब्रश घेतला. "हो बाजूले. मी मारून पाहतो," म्हणाले आणि वाकले. गुडघे कटकट वाजले. चार टोचे, एक पाऊल मागे. चार टोचे, एक पाऊल मागे. दोन्ही बाजूंनी विद्यार्थी चालत होते, मी पायरीशी हात पुढे करून उभा. "मागं पाहू नका सर," वंदना म्हणत होती, "पायाले समजते." पायरी उतरले, फुटपाथ ओलांडला, गल्लीत पोचले. धापा टाकत कंबर धरून सरळ झाले आणि त्यांनी आपल्या पातीकडे पाहिलं. आयुष्यभर पट्टी लावल्यासारखा चालणारा तो हात मधेच कुठेतरी डगमगला होता आणि सगळी पात एका बाजूला झुकत गेली होती.

"वंदना!" सर ओरडले. "वाकडी झाली वं!"

"होऊ द्या सर," ती म्हणाली. "तुमची म्हणून ओळखू येईल."